मेमरी कार्ड न् ग्राफिक्स कार्ड घेताना जीबी नंतर बघ, आधी ते कशात घालणार ते बघ

भावा, तुझा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असं आहे ना की लग्नाच्या ऑर्डरी घेतोस, सोनीचा झेडव्ही-ई१० कॅमेरा आहे, ४के मध्ये शूट करतोस, घरी आय५ दहाव्या जनरेशनचा पीसी, १६ जीबी रॅम, एडिटिंग प्रीमियरवर आणि थोडंफार एडियसवर, टाइमलाइन अडकत अडकत चालते. ऑनलाइन ५१२ जीबीचं मेमरी कार्ड सहाशे रुपयांत दिसतंय ते घेऊ का, आणि दुकानदार म्हणतोय ८ जीबीचं आरएक्स ५८० ग्राफिक्स कार्ड टाक, मक्खन चालेल, ते घेऊ का. सगळं मिळून बजेट पस्तीस हजार.

दोन्हीला माझं उत्तर नको असंच आहे, पण नुसतं नको म्हणून पळून जात नाही, कारण सांगतो. कराडला एकोणीस वर्षं असेंब्ली न् रिपेअरिंग करतोय, आणि काउंटरवर येणारा दर दुसरा माणूस दोन्ही कार्डांबद्दल एकच विचारतो, "किती जीबीचं आहे?" तांदूळ घेतल्यासारखं. दुकानदारालापण तेच सोपं, मोठा आकडा दाखवायचा न् पैसे घ्यायचे.

आधी ते सहाशे रुपयाचं ५१२ जीबी. ते ५१२ नाहीच. आत ३२ जीबीची, फार तर ६४ ची चिप असते आणि तिच्या कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. कॉम्प्युटरला लावलं की तो सांगतो मी ५१२, विंडोजपण तेच दाखवतं, फॉरमॅटपण होतं, दोन-चार फोटो टाकून बघितले तर व्यवस्थित उघडतात. मजा पुढे आहे. खरी जागा संपली की पुढचा डेटा एकतर आधीच्या डेटावर जाऊन बसतो नाहीतर हवेत जातो, आणि फाइलचं नाव न् साइज मात्र यादीत दिसत राहते. कॅमेरा काही ओरडत नाही, लाल दिवा लागलेला, रेकॉर्डिंग चालू.

असंच एक कार्ड तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे रिकव्हरीला आलेलं, तुझ्यासारखाच एक पोरगा, वरती २५६ लिहिलेलं. मी लावलं. आदल्या दिवशीची हळद उघडली, सीमांतपूजन उघडलं, नवरीला मामा घेऊन येतोय तिथपर्यंत क्लिप चालली आणि पुढच्या सगळ्या फाइल एकेक करत एरर. साइज बरोबर, वेळ बरोबर, आत नुसते शून्य. अंतरपाट नाही, मंगलाष्टका नाही, वरमाला नाही, पाठवणी नाही. फोटोरेक चालवून बघितलं, अजून दोन-तीन सॉफ्टवेअर चालवले, पण जे लिहिलंच गेलं नाही ते कुठून काढणार. पोरगा काउंटरवर डोकं धरून बसला. पुढं पार्टीनं पैसे दिले नाहीतच, वर गावात नाव गेलं ते वेगळं.

म्हणून कार्ड कुठूनही घे, मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून घे, पुण्यात तपकीर गल्लीतून घे, ऑनलाइन घे, माझ्याकडून घेतलंस तरी, पहिल्या दिवशी एच२टेस्टडब्ल्यू नावाचं फुकट छोटं सॉफ्टवेअर चालवायचं. ते पूर्ण कार्ड डेटानं भरतं आणि परत वाचून ताडून बघतं. लिनक्स किंवा मॅक असेल तर एफ३. वेळ लागतो, १२८ जीबीला कार्ड ३० एमबीच्या स्पीडनं लिहीत असेल तर लिहायलाच सत्तर-एक मिनिटं, वर वाचायची वीस-पंचवीस. रात्री लावून झोपायचं. शेवटी विदाऊट एरर्स आलं तरच ते कार्ड लग्नात न्यायचं. आणि हो, ६४ जीबीचं कार्ड विंडोजमध्ये ५९ पॉइंट काहीतरी दिसतं, १२८ चं ११९, ती फसवणूक नाही, कंपनी हजाराच्या हिशोबानं मोजते न् विंडोज १०२४ च्या. यावरून माझ्याशी भांडायला आलेले लोक आहेत.

आता तुझ्या कॅमेऱ्याला खरंच काय लागतं ते बघू. झेडव्ही-ई१० चं ४के जास्तीत जास्त १०० एमबीपीएसवर रेकॉर्ड होतं. इथं सगळे गंडतात. एमबीपीएस म्हणजे मेगाबिट, आणि कार्डावर लिहिलेलं असतं मेगाबाइट, आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे १०० ला ८ नं भाग, साडेबारा. तुझ्या कॅमेऱ्याला सेकंदाला साडेबारा एमबी सलग लिहिणारं कार्ड पाहिजे, बास. कार्डावर इंग्रजी यू अक्षराच्या पोटात ३ किंवा व्ही३० असं लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ कमीत कमी ३० एमबी प्रति सेकंद सलग लिहिण्याची हमी. यू१ किंवा नुसतं क्लास १० म्हणजे १० ची हमी, ते तुला कमी पडतं, आणि सोनी स्वतःच १०० एमबीपीएससाठी यू३ मागते. व्ही६०, व्ही९० हे अजून वरचे, पण तुझ्या बॉडीत कार्डाचा स्लॉट यूएचएस-वन प्रकारचा, त्याची कमाल मर्यादाच १०४ एमबी. कार्ड उलटं करून बघ, पाठीमागे सोनेरी पट्ट्यांची एकच ओळ असेल तर यूएचएस-वन, खाली दुसरी ओळ असेल तर यूएचएस-टू. दोन ओळींचं महागडं कार्ड तुझ्या कॅमेऱ्यात घातलंस तर चालेल पण एकाच ओळीवर चालेल, म्हणजे वरचे पैसे पाण्यात. सोनीच्याच ए७ ४ सारख्या बॉडीवर ऑल-इंट्रा, म्हणजे प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवणारं, ६०० एमबीपीएस शूट करणाऱ्याला व्ही९० पाहिजे, ती गोष्ट वेगळी.

पाकिटावर मोठ्या अक्षरात २०० एमबी लिहिलेलं असतं ना, तो वाचायचा स्पीड, तोपण त्या कंपनीच्या जुळणाऱ्या रीडरमध्ये. साध्या रीडरमध्ये नव्वदच्या आसपास येतो. आणि रीडर जर जुना यूएसबी २ वाला असेल तर तीस-पस्तीसच्या वर जातच नाही, ६४ जीबी उतरवायला अर्धा तास. चांगला यूएसबी ३ रीडर घे, तेच काम बारा मिनिटांत, मोठ्या कार्डापेक्षा हा खर्च जास्त कामाचा.

साइजचं म्हणशील तर ५१२ घेऊच नको, खरं मिळालं तरी. तुझ्या कॅमेऱ्यात एकच स्लॉट आहे, दुसऱ्या कार्डावर बॅकअप होत नाही. अख्खं लग्न एका कार्डावर म्हणजे सगळं सोनं एकाच पिशवीत. १०० एमबीपीएसवर ६४ जीबी म्हणजे साधारण ८५ मिनिटं, १२८ म्हणजे पावणेतीन तास. माझा सल्ला चार कार्डं ६४ ची किंवा दोन ६४ ची दोन १२८ ची. हळदीचं वेगळं, मुहूर्ताचं वेगळं, रिसेप्शनचं वेगळं, भरलेलं कार्ड बाजूची लॉकपट्टी खाली ओढून डबीत उलटं ठेवायचं, म्हणजे गडबडीत असिस्टंट परत तेच घालून फॉरमॅट मारणार नाही. फॉरमॅट नेहमी कॅमेऱ्यातच मारायचा, पीसीत नाही. मायक्रो एसडी अडॅप्टरमध्ये घालून मेन कॅमेऱ्यात वापरू नको, चालतं सगळं, पण तो अडॅप्टर सैल झाला की ऐन वेळी कार्ड एरर. मायक्रो एसडी ड्रोनला राहू दे, तिथंपण व्ही३० च.

जाता जाता, घरच्या वायफाय सीसीटीव्हीत टाकायला हेच कार्ड उचलू नको, तिथं चोवीस तास लिहिणं चालू असतं, साधं कार्ड वर्ष-दीड वर्षात मरतं न् बऱ्याच कंपन्या अशा वापराला वॉरंटीपण देत नाहीत. त्याला हाय एन्ड्युरन्स लिहिलेलं वेगळं मिळतं. आणि ए१, ए२ हे मोबाइलमधल्या अ‍ॅपसाठी, कॅमेऱ्याला त्याचा काही उपयोग नाही.

आता ग्राफिक्स कार्ड. पण थांब, आधी एक काम कर, पैसे लागत नाहीत. तुझा प्रोसेसर नेमका कुठला ते बघ, आय५ १०४०० का १०४००एफ. एफ असेल तर आत इंटेलचं ग्राफिक्स नाही. एफ नसेल तर आत क्विक सिंक नावाची व्हिडिओची सोय आहे, आणि कॅमेऱ्यातल्या एच.२६४ फाइल उलगडायचं काम तेच करतं. एडियस तर बऱ्याच वर्षांपासून क्विक सिंकवर जीव लावून बसलेलं आहे. लोक काय करतात, ग्राफिक्स कार्ड बसवतात, त्याबरोबर बऱ्याच मदरबोर्डवर आतलं ग्राफिक्स आपोआप बंद होतं, आणि मग म्हणतात एवढे पैसे घातले न् एडियस आधीपेक्षा हळू झालं. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जाऊन आयजीपीयू मल्टी-मॉनिटर का असंच काहीतरी नाव असतं, ते एनेबल करायचं, दोन्ही एकत्र चालतात. गेल्या दिवाळीत एका स्टुडिओवाल्याचा पीसी मी एवढ्यावर सरळ करून दिला, तो नवीन कार्ड घ्यायला आलेला, मी चहा पाजून परत पाठवला. धंद्याचं नुकसान, पण तो आता प्रत्येक गोष्ट माझ्याकडूनच घेतो.

दुसरं म्हणजे फुटेज कुठून वाचतोयस? साध्या हार्ड डिस्कवरून वाचत असशील तर टाइमलाइन अडकणारच, प्रोजेक्ट चालू असेपर्यंत एसएसडीवर ठेव. आणि प्रीमियरमध्ये प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरत्या हलक्या कॉपी, बनवायला शिक. एवढं करूनपण अडकत असेल तरच कार्डाकडं ये.

आरएक्स ५८० का नको. ते मूळ २०१७ चं कार्ड. तेव्हा चांगलं होतं, नाव ठेवणार नाही. पण आता बाजारात नवीन म्हणून जे फिरतंय त्यातलं बरंच २०४८एसपी नावाचं आहे, म्हणजे नाव ५८० न् आतली ताकद ५७० ची, खऱ्या ५८० मध्ये २३०४ कोअर असतात. आणि त्यातला मोठा हिस्सा मायनिंगमधून, म्हणजे इथेरियमसारखं डिजिटल चलन कमवायला रात्रंदिवस राबवलेल्या पीसीतून आलेला. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमनं मायनिंगची पद्धतच बंद केली, त्यानंतर ट्रकनं कार्डं बाजारात उतरली, धुऊनपुसून, नवीन खोक्यात. वर ती चिप बनवणाऱ्या एएमडीनं २०२३ पासून त्या पिढीचे ड्रायव्हर वेगळ्या खात्यात टाकले, नवीन सुधारणा फारशा येत नाहीत. कार्ड खातंय १८५ वॅट, म्हणजे पंखा असा घोंघावतो की व्हॉइसओव्हर रेकॉर्ड करायला दुसऱ्या खोलीत जावं लागेल.

"पण ८ जीबी आहे ना!" हेच ते. ग्राफिक्स कार्डावरचं जीबी म्हणजे टेबलाचा आकार, काम करणारा माणूस किती चलाख आहे ते त्यावरून कळत नाही. आणि एकाच नावाखाली दोन-दोन माल विकतात कंपन्या स्वतःच, राजरोस. जीटी १०३० बघ, एक जीडीडीआर५ वालं न् एक डीडीआर४ वालं, नाव तेच, खोकं जवळपास तेच, मेमरीचा वेग एकाचा ४८ जीबी प्रति सेकंद, दुसऱ्याचा १७ पण नाही. आरटीएक्स ३०५० चं तसंच, ८ जीबीवालं न् ६ जीबीवालं यात फक्त २ जीबीचा फरक आहे असं दुकानात सांगतात, प्रत्यक्षात ६ वाल्यात कोअर कमी आणि मेमरीचा रस्ता १२८ बिटऐवजी ९६ बिट. मात्र ते ७० वॅटवर चालतं, वेगळी पॉवर वायर लागत नाही, म्हणून जुन्या छोट्या ब्रँडेड पीसीत टाकायला तेच बरं. बघ, वाईट कार्ड असं नसतं, चुकीच्या डब्यात घातलेलं कार्ड असतं. ३०६० पण १२ जीबी न् ८ जीबी दोन आहेत, घेशील तर १२ वालंच.

तुझ्या बजेटमध्ये मी आरटीएक्स ५०६० बघेन, ८ जीबी, १४५ वॅट. नाही बसलं तर ३०६० १२ जीबी, चांगल्या दुकानातून, बिलासकट. ५०६० आधी का म्हणतोय, कारण तू उद्या कॅमेरा बदलणार. झेडव्ही-ई१० चं फुटेज ८ बिट ४:२:० असतं, ते कुठलंही कार्ड खातं. पण त्याचाच पुढचा झेडव्ही-ई१० मार्क २, ए७ ४ वगैरे १० बिट ४:२:२, म्हणजे रंगाची जास्त माहिती असलेलं जड फुटेज देतात, आणि ते फुटेज एनव्हिडियाच्या ५० सीरिजच्या आधीचं कुठलंच कार्ड हार्डवेअरमध्ये उलगडू शकत नाही, अगदी आधीच्या पिढीचं सगळ्यात वरचं ४०९० पण नाही. लाख-दीड लाखाचं कार्ड बसवून टाइमलाइन अडकते म्हणून रडणारे मी बघितलेत, कारण ४:२:२ एच.२६५ तेव्हा उलगडायचं ते इंटेलच्या अकराव्या जनरेशनपासूनचं आतलं ग्राफिक्स, नाहीतर इंटेलचंच आर्क कार्ड. तुझ्या दहाव्यात ते नाही. ५० सीरिजमध्ये एनव्हिडियानं ते आणलं. गेम खेळणाऱ्या पोरांच्या व्हिडिओत हे कुणी सांगत नाही, त्यांना एफपीएसचं, म्हणजे गेम किती सुळसुळीत चालतो त्याचं, पडलेलं.

तुझ्या बोर्डावर कार्ड बसवायचा स्लॉट पीसीआय ३ चा असणार, ५०६० पुढच्या पिढीचं आठ लेनवालं आहे, बसतं, चालतं, एडिटिंगला फरक जाणवेल असं नाही.

आता सगळ्यात दुर्लक्ष केलेली गोष्ट, एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा. कॅबिनेट उघड न् आतल्या डब्यावरचं स्टिकर वाच. वरती मोठ्यात ४५० डब्ल्यू असेल, ते सोडून दे. खाली तक्ता असतो, त्यात +१२व्ही च्या खाली अँपिअर लिहिलेले असतात, त्याला १२ नं गुण. माझ्या टेबलावर आत्ता एक पडलाय, कॅबिनेटबरोबर फुकट आलेला, १२ व्होल्टला १४ अँपिअर, म्हणजे १६८ वॅट. बाकीचे कुठं गेले विचारू नको. चांगल्या कंपनीच्या ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवतो याचा शिक्का) ४५० वर ३६-३७ अँपिअर असतात, म्हणजे जवळजवळ सगळीच ताकद १२ व्होल्टला. कार्ड न् प्रोसेसर दोन्ही १२ व्होल्टवरच जगतात. त्या १६८ वाल्यावर एकानं मोलेक्स, म्हणजे जुन्या चार पिनच्या वायरपासून कार्डाची ८ पिन बनवणारी जोडणी लावून कार्ड चालवलेलं, पीसी चालायचा, फक्त एक्सपोर्ट मारलं की बंद. उघडून बघितलं तर पिवळ्या वायरचं प्लास्टिक वितळून तपकिरी झालेलं. आग लागली नाही हे नशीब. तर पस्तीस हजारातले चार-पाच हजार एसएमपीएसला आधी बाजूला काढून ठेव, मग कार्ड बघ. आणि टेप घेऊन कॅबिनेटमधली लांबी मोज, समोरच्या हार्ड डिस्कच्या पिंजऱ्याला अडतं बऱ्याचदा.

सेकंडहँड घ्यायचंच असेल तर चालू पीसीत लावलेलं बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. जीपीयू-झेड नावाचं सॉफ्टवेअर उघड, ते कोअर, मेमरीचा प्रकार, बसची रुंदी सगळं दाखवतं, कार्डाचं आतलं सॉफ्टवेअर (त्याचा बायोस) बदलून जुन्या कार्डाला नवीन नाव दिलेलं असेल तर बऱ्याचदा नावापुढं चक्क फेक लिहून येतं. १०५० टीआय म्हणून देतायत आणि मागे निळा व्हीजीए पोर्ट आहे, तर जवळजवळ नक्की गडबड, त्या पिढीच्या चिपमधून व्हीजीए निघतच नाही. कार्डावर पूर्ण लोड टाकणारं फरमार्क पंधरा मिनिटं चालव, तापमान बघ, पंख्यात खरखर ऐक, स्क्रूवरचं वॉरंटी स्टिकर फाटलंय का बघ.

नवीन घेताना पक्कं जीएसटी बिल, त्यावर सिरियल नंबर छापलेला, तोच खोक्यावर आणि तोच कार्डाच्या पाठीवर. "बिल नको असेल तर १८ टक्के वाचतात" हे वाक्य ऐकू आलं की दुसऱ्या दुकानात जा, कारण वॉरंटी त्या बिलावर न् त्या सिरियलवर चालते. "इम्पोर्टेड पीस आहे, वॉरंटी दुकानाची" म्हणजे दुकान आहे तोवर वॉरंटी. कुरिअरनं मागवलंस तर खोकं फोडताना एकसलग व्हिडिओ काढ.

नेमके भाव मी मुद्दाम लिहिले नाहीत, २०२५ च्या शेवटापासून मेमरीचा बाजार वेडा झालाय, एआयच्या सर्व्हरवाले सगळा माल उचलतायत, मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल ब्रँडचं किरकोळ दुकानच आवरतो म्हणून जाहीर केलं. रॅम, एसएसडी, कार्डं सगळ्यालाच त्याची झळ. म्हणून "भाव उतरल्यावर घेतो" म्हणून सीझन घालवू नको, आणि दुकानदार आजचा दर उद्याला धरत नसेल तर त्याला लगेच चोर समजू नको.

बसवून झाल्यावर मॉनिटरची वायर ग्राफिक्स कार्डाच्या पोर्टला लाव, मदरबोर्डच्या नाही. हसू नको, महिन्याला एक तरी माणूस "कार्ड खराब निघालं" म्हणून सीपीयू घेऊन येतो न् मी फक्त वायर काढून खालच्या पोर्टला लावतो.

प्रोसेसरच्या नावात एफ आहे का आणि एसएमपीएसच्या स्टिकरवर १२ व्होल्टला किती अँपिअर आहेत, एवढे दोन फोटो टाक, मग कुठलं कार्ड ते नक्की सांगतो.